आधी हात पडू दे

गोल्फवर आमच्या आतोबांइतका बोललेला आणि गोल्फ त्यांच्याइतका कमी खेळलेला माणूस अख्ख्या रायगड किनाऱ्यावर दुसरा सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, जिथून रेवदंड्याची खाडी दिसते, तिथे श्रीमंतांसाठी एक गोल्फचं मैदान आहे. गावात त्याला कुणी गोल्फ कोर्स म्हणत नाही, 'गवत' म्हणतात. "कुठं चाललास?" "गवतावर." त्या गवतावर आतोबा मिसरूड फुटल्यापासून कॅडी आहेत. म्हणजे मेंबर लोकांची काठ्यांची पिशवी खांद्यावर घ्यायची, त्यांच्या मागून चालायचं, हरवलेला बॉल शोधायचा आणि तोंड बंद ठेवायचं. यातली पहिली तीन कामं आतोबांइतकी चोख कुणी करत नाही. चौथं त्यांना उभ्या जन्मात जमलेलं नाही. स्वतः खेळायची मुभा कॅडींना फक्त सोमवारी, मैदान बंद असतं तेव्हा. बाकीचे सहा दिवस दुसऱ्यांचं बघायचं. सहा दिवस बघून माणसाच्या पोटात जे साठतं, ते कुठेतरी बाहेर पडणारच.

आतोबांच्या पोटात एकच गोष्ट साठलेली आहे. काठी वर नेली, आता ती खाली आणून बॉल मारायचा, तर त्या खाली येण्याच्या क्षणी हातांनी काय करायचं? आतोबांचं उत्तर तीन शब्दांचं आहे. "हात पडू दे." हात ओढायचा नाही, ढकलायचा नाही, अंगानं फिरवून आणायचा नाही. पिकलेला आंबा देठातून सुटावा तसा तो वरून आधी पडला पाहिजे, मग बाकीचं अंग त्याच्यामागे येतं. हे ज्ञान त्यांना कुण्या पुस्तकातून मिळालेलं नाही. पुस्तकाशी त्यांचा संबंध चौथीत संपला. हे त्यांना मिळालं खळ्यात, भात झोडताना. पेंढी दोन्ही हातांनी धरून खांद्यावरून मागे न्यायची आणि समोरच्या फळीवर आपटायची. नवशिका असतो तो जोर लावतो, दोन भारे झोडून त्याचे दंड भरून येतात आणि निम्मे दाणे पेंढीतच राहतात. जाणता असतो तो पेंढी वर नेतो आणि सोडून देतो. दाणा आपोआप गळतो. "गोल्फ म्हंजे दुसरं काय हाय?" आतोबा म्हणतात. "पेंढीच्या जागी काठी, दाण्याच्या जागी बॉल. सायबाला भात झोडाया येत न्हाय म्हणून त्याला गोल्फ येत न्हाय."

पहिली काठीसुद्धा त्यांची स्वतःची. नारळाच्या झावळीचा दांडा तासून केलेली. आणि बॉल म्हणजे हिरवी सुपारी. चौलच्या वाडीवाल्याकडे ते लहानपणी सुपारी वेचायला जात, तेव्हा वेचलेल्यांपैकी किती टोपलीत जात आणि किती दांड्यानं उडवल्या जात हे त्या वाडीवाल्यालाच माहीत. अजूनही त्यांच्या खिशात एक हिरवी सुपारी असते. लग्नाच्या मांडवात, मयतीच्या घरी, एसटीच्या रांगेत, कुठेही उभे असले की बोटं खिशात त्या सुपारीशी खेळत असतात आणि डोळे आजूबाजूच्या माणसांचे हात तपासत असतात. कारण हात पडू देण्याचा नियम त्यांच्या लेखी फक्त गोल्फचा नाही. लाकूड फोडणारा, देवळात नारळ वाढवणारा, गणपतीतला ढोलवाला, कुणी सुटत नाही. एकदा रेवदंड्याला खाडीच्या तोंडाशी एक म्हातारा कोळी जाळं फेकत होता. त्याच्या तीन पिढ्या त्याच पाण्यात जाळं फेकत आलेल्या. आतोबा त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि थोड्या वेळानं न राहवून म्हणाले, "दादा, हात लवकर फिरवतास. आधी पडू दे." कोळ्यानं मागे वळून त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. म्हणाला, "जालं मी फेकतंय. तू पानी हलवू नको." आतोबांना यात अपमान काहीच वाटला नाही. घरी येऊन म्हणाले, "मानूस चांगला हाय. नुसता हात जरा घाईचा."

आत्याची तर गोष्टच वेगळी. ती आडावर कपडे आपटायला बसली की आतोबा ओट्यावरून सूचना करतात. एकदा तिनं ओलं लुगडं दगडावर तसंच टाकलं, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "अवो, त्या सगळ्या जगाचा हात पडून झाला. आता तुमचा एकदा या कपड्यांवर पडू दे." आतोबा उठले आणि खरोखरच सगळे कपडे धुऊन काढले. फार सुंदर धुतले. शेवटच्या चादरीला तर म्हणे असा आवाज आला की गवतावर ऐकू गेला असेल. आत्यानं त्या दिवसापासून त्यांची टीका निमूट ऐकून घ्यायचं ठरवलं, कारण टीका होते त्या दिवशी धुणं होतं.

मेंबर लोकांची नावं आतोबांच्या लक्षात राहत नाहीत, त्यांचे दोष राहतात. एक 'झाडूवाले' आहेत, एक 'चमचावाले', एक मोठे उद्योगपती आहेत ते 'घंटा' – देवळातली घंटा वाजवावी तशी काठी मारतात म्हणून. एक डॉक्टरबाई आहेत, वयस्कर, अलिबागला दवाखाना चालवतात. त्या एकट्याच 'डॉक्टरबाई', कारण आतोबा म्हणतात, "त्यांना दोष हाय तो त्या स्वतः सांगतात. मंग मी कशाला नाव ठेवू?"

मला मात्र आतोबांचं हे सगळं वेड आठवतं ते दुसऱ्याच एका सवयीतून. कॅडीचा एक धर्म असतो. खेळाडू बॉल मारायला उभा राहिला की त्याच्या बॉलवर, होलवर आपली सावली पडू द्यायची नाही. ऊन कुठून येतंय ते बघून उभं राहायचं. आतोबांच्या अंगात हे इतकं भिनलंय की ते घरातही तसेच वावरतात. माझे आईवडील मिठागरावर कामाला, म्हणून माझी शाळा आणि पुढे कॉलेज आत्याच्या घरून झालं. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. ओटीवर मी पुस्तक घेऊन बसले की येताजाता आत्याची सावली पुस्तकावर पडायची, मांजराची पडायची, शेजारणीची पडायची. आतोबांची कधीही पडली नाही. अंगणातून ते आडावर जायचे ते माझ्या पुस्तकाला वळसा घालून. कॉलेजच्या पहिल्या दिवशी माझी पिशवी त्यांनी खांद्यावर घेतली आणि दोन पावलं मागून चालत मला फाटकापर्यंत सोडलं. पिशवी माझ्या हातात देताना म्हणाले, "आता पुढचं तू मार. मी हितं उभा हाय." बी.एस्सी. झाले त्या दिवशी त्यांनी गवतावरच्या प्रत्येक मेंबरला सांगितलं, खेळ थांबवून सांगितलं. विषय कोणता म्हणून एकानं विचारलं तर म्हणाले, "फिजिक्स. म्हंजे वस्तू का पडते ते."

मी आज म्हसळ्याला शाळेत विज्ञान शिकवते. हे मी अभिमानानं सांगते, आणि कुणाला तो जास्त वाटला तर वाटू दे.

तर आतोबांचं राज्य असं सुखात चाललं होतं, आणि मग कोचसाहेब आले. पुण्याचे, तिशीतले, अंगानं सडपातळ, बोलायला गोड. तिपाईवर मोबाईल लावून मेंबरांचे व्हिडिओ काढायचे आणि ते हळू करून दाखवायचे. त्यांचं सांगणं आतोबांच्या बरोबर उलट. काठी खाली आणताना आधी कंबर वळली पाहिजे, हात छातीला चिकटून तिच्यामागे गुमान आले पाहिजेत. हात चिकटलेले राहावेत म्हणून ते प्रत्येकाच्या काखेत एक छोटा टॉवेल धरायला लावायचे. टॉवेल पडला की फटका चुकला. पहिल्या दिवशी आतोबांनी एवढे मोठे मोठे लोक काखेत टॉवेल धरून ओळीनं उभे असलेले पाहिले आणि त्यांना वाटलं, आंघोळीला चाललेत.

भांडण झालं ते डॉक्टरबाईंच्या समोर. त्यांची पिशवी आतोबांकडे होती. बाईंनी टॉवेल सांभाळत दहा बॉल मारले, एकही धड गेला नाही. अकराव्याला आतोबांच्या तोंडून निघून गेलं, "बाई, तो टावेल फेका. हात पडू दे आधी."

कोचसाहेब हसत म्हणाले, "काका, हात काही करत नाही हो. कमरेनं हाताला आणायचं असतं."

"कमरेनं? कंबर वरातीत हलवायची, साहेब. हितं कशाला?"

"काका, मी शिकून आलोय याचं."

"मी झोडून आलोय. काखेत टावेल धरून भात झोडून दाखवा. दाना पेंढीत ऱ्हाईल आनि टावेल भिजंल!"

आजूबाजूचे मेंबर हसले. कोचसाहेबांचे कान लाल झाले. ते वाईट मनाचे नव्हते, पण नव्या जागेवरच्या माणसाला हसणं झेपत नाही. दोन दिवसांनी क्लबाच्या सेक्रेटरींच्या सहीची सूचना फळ्यावर लागली. कॅडींनी मेंबरांना खेळाबाबत कोणताही सल्ला देऊ नये. दिल्यास बिल्ला परत घेण्यात येईल.

बिल्ला म्हणजे पितळेचा, छातीवर लावायचा. आतोबांचा इतका जुना की त्यावरचा आकडा बोटांनी घासून गुळगुळीत झालाय. तो गेला म्हणजे गवतावर पाय ठेवायचा नाही, सोमवारीसुद्धा नाही. आतोबा गप्प झाले. खरोखर गप्प. आठवडाभर आत्यानं कपडे कसेही आपटले, ते बोलले नाहीत. शेवटी तिनं मला फोन केला. "बाय, तू ये. ह्यांनी काल दूधवाल्याला कायपन सांगितलं न्हाय. माज्या जिवाला घोर लागलाय."

दिवाळीची सुट्टी लागलीच होती. मी म्हसळ्याहून एसटीनं घरी आले तर आतोबा ओट्यावर बसलेले. माझी बॅग त्यांनी खांद्याला लावली, नेहमीसारखी, आणि घरात ठेवल्यावर म्हणाले, "एक अर्ज लिवायचा हाय. सेक्रेटरीसायबाला. हात आधी का कंबर आधी, खरं काय ते लिव. इज्ञानानं लिव. मी बोललो तर अडानी बोलला म्हनतील. तू बोललीस तर आयकाया लागंल."

"आणि बिल्ला काढून घेतला तर?"

"खरं बोलून गेला तर जाऊ दे. पन खरं काय ते लिवलेलं पायजे. मी इतकी वर्सं लोकांना काय सांगितलं ते खोटं व्हतं का, येवढं मला कळू दे."

मी रात्रीचीही वाट न बघता लगेच वही घेतली. दोन पानं लिहिली. गुरुत्वाकर्षण, वस्तुमान, वेग, सगळं आणलं. भाषा अशी करकरीत की वाचून माझं मलाच कौतुक वाटलं. खाली सही केली आणि नावापुढे बी.एस्सी. लिहिलं, मोठ्या अक्षरात. आतोबांनी कागद हातात धरला, उलटा नाही, सुलटा धरला, आणि आत्याला म्हणाले, "बघ, किती दाट लिवलंय."

अर्जासोबत पुरावा पाहिजे म्हणून सोमवारी सकाळी आम्ही गवतावर गेलो. आतोबांनी मागून आणलेली जुनी लोखंडी काठी घेतली, बॉल ठेवला. मी ऊन बघून बाजूला उभी राहिले, तेवढं मलाही आता कळतं. मोबाईल धरला. त्यांनी काठी वर नेली आणि सोडली. मी खूप लोकांना गोल्फ खेळताना पाहिलंय, पण तसा आवाज कुणाच्या बॉलचा येत नाही. कोरडा, एकच. बॉल नारळींच्या शेंड्यांवरून गेला आणि पार पलीकडच्या हिरवळीवर थांबला. बॉलकडे बघायचीही त्यांना गरज वाटली नाही. "झालं? लिव," म्हणाले.

मी व्हिडिओ हळू करून पाहिला. मग पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा बोटानं एकेक चित्र सरकवलं. काठी अजून वरच होती, हात खांद्याच्या वर होते, आणि आतोबांची कंबर निघाली होती. आधी कंबर. स्वच्छ दिसत होतं. हात नंतर पडत होता, पडत होता हे खरं, पण कमरेच्या मागून. कोचसाहेब सांगत होते अगदी तसाच.

पर्समध्ये दोन पानं होती, बी.एस्सी. लिहिलेली. मी एकदाही न बघता लिहिलेली. वस्तू का पडते ते मला माहीत होतं, पण माझ्या घरातला माणूस काठी कशी मारतो हे मी एवढ्या वर्षांत नीट पाहिलं नव्हतं. मनात आलं, व्हिडिओ बिघडला म्हणावं. अर्ज तसाच द्यावा. कोण तपासणार? पण ज्या माणसानं माझ्या पुस्तकावर कधी सावली पडू दिली नाही, त्याला खोटं सांगायला तोंड उघडेना.

"आतोबा," मी म्हटलं, "हे बघा."

त्यांनी डोळे बारीक करून मोबाईल हातात घेतला. मी चित्र थांबवून बोटानं दाखवलं. हात इथे. कंबर इथे. मला म्हणाले, पुन्हा लाव. पुन्हा लावलं. असं आठ-दहा वेळा झालं असेल. खाली रेवदंड्याच्या होड्या खाडीत शिरत होत्या, तेवढाच आवाज. आतोबांच्या तोंडावर काय आहे ते मला वाचता येईना.

शेवटी म्हणाले, "हा मानूस बराबर मारतोय."

"हो."

"पन हा माजं आयकत न्हाय."

आणि मग ते हसायला लागले. असे हसले की काठी टेकून बसावं लागलं. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं, ते त्यांना दिसू नये म्हणून मी बॉल आणायला पळाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज घेतला नाही, मोबाईल घेतला. मला सोबत नेलं. सरावाच्या जागी कोचसाहेब होते, डॉक्टरबाई होत्या, आणखी चार-पाच मेंबर होते. ज्यांच्यासमोर भांडण झालं होतं तेच. आतोबा थेट कोचसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, कंबर आधी जाते. तुमचं बराबर हाय. ह्ये बघा. माजीच जाते."

आमच्या घरात पहिली पदवी माझी, हे मी वर सांगितलंच. पण भर लोकांत आपलं उभ्या जन्माचं म्हणणं चुकलं असं मान वर करून सांगणारा माणूसही आमच्या घरातला आहे, आणि या दोहोंपैकी कशाचा अभिमान जास्त असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही.

कोचसाहेबांनी व्हिडिओ पाहिला. त्यांना हसता आलं असतं, ते हसले नाहीत. चार वेळा पाहिला. चौथ्या वेळी म्हणाले, "काका, असं खाली येणं मी पुण्यात शिकवायला घेतलेल्या एकाचंही बघितलं नाही. मारताना तुम्हाला काय वाटतं? म्हणजे आतून?"

"हात पडल्यागत वाटतं. कमरेचं मला काय ठाव बी न्हाय."

कोचसाहेब डॉक्टरबाईंकडे वळले. "बाई, मी तीन महिने तुम्हाला कंबर सांगतोय."

"आणि माझी कंबर तीन महिने जातेय," बाई म्हणाल्या. "बॉल जात नाही."

"टॉवेल टाका. काका सांगतात तसं करून बघा एकदा."

आतोबांनी आधी छातीवरचा बिल्ला चाचपला, मग फळ्याकडे पाहिलं, मग सेक्रेटरींच्या खिडकीकडे. कोचसाहेब म्हणाले, "मी विचारतोय काका. सांगा." तेव्हा आतोबा बाईंच्या मागे गेले, ऊन पाहून उभे राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "बाई, भाताची पेंढी समजा. जड हाय. वर न्या. आता सोडून द्या." बाईंनी सोडून दिली. बॉल सरळ गेला. फार लांब नाही, पण सरळ. बाईंनी वळून विचारलं, "माझी कंबर गेली का हो?" कोचसाहेब म्हणाले, "गेली बाई. आधी गेली."

ती सूचना फळ्यावर अजून आहे. सेक्रेटरींनी काढली नाही, काढणारही नाहीत. पण रविवारी सकाळी कोचसाहेब हाक मारतात, आणि आतोबा जाऊन त्यांच्या शेजारी उभे राहतात. एक सांगतो काय होतं, दुसरा सांगतो काय वाटतं, आणि दोघं मिळून मेंबरांना पुरतं गोंधळात टाकतात. वाद मिटलेला नाही. कोचसाहेब आता कधीकधी घरी येतात, आत्याच्या हातची घावनं खातात आणि हात-कमरेवरून आतोबांशी नव्यानं भांडतात. आत्या म्हणते, हे एक बरं झालं, माझ्या धुण्याचा पाठलाग सुटला.

यंदा मात्र झोडणीला आतोबा खळ्यात उतरले नाहीत. उजवा खांदा आखडलाय. हात कानाच्या वर जात नाही. डॉक्टरबाईंनी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम दिलाय, तो ते रोज करतात, आणि भिंतीवर जिथवर बोटं पोचली तिथे कोळशानं रेघ ओढतात. रेघा फार वर सरकत नाहीत. पिशवी ते आता डाव्या खांद्याला लावतात. सोमवारी गवतावर जातात, पण काठी नेत नाहीत, सुपारी खिशात असते तेवढीच.

मी सुट्टीला आले की उतरत्या उन्हात ओटीवर वह्या तपासत बसते. आतोबा येतात, ऊन बघतात, वह्यांवर सावली येणार नाही असे सरकून बसतात आणि हात पुढे करतात. "बाय, त्या मानसाला दाखव." मी मोबाईलवर तो व्हिडिओ लावून देते. ते तो मांडीवर धरतात. पडद्यातला माणूस काठी वर नेतो, खांद्याच्या वर, कानाच्या वर, पार डोक्यामागे, कसलीही कुरकूर न करता. आतोबा पुटपुटतात, "पडू दे. आधी हात पडू दे." तो माणूस नेहमीसारखाच ऐकत नाही. त्याची कंबर आधी निघते, आणि बॉल नारळींच्या वरून सरळ जातो.